लघुग्रहांवरच्या खाणीतली हवा कोणाची?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या काही महिन्यांत लघुग्रहांवरच्या खाणकामाची पार्श्वभूमी असलेल्या विज्ञानकथा आणि त्याच विषयावरचे काही लेख प्रसिद्ध झाले. मराठी वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा द्यावी याचा मला मनापासून आनंद आहे. माझी सारी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत झाली आणि विज्ञानकथा वाचण्याची आवड शाळकरी वयापासूनची आहे, त्यामुळे अवकाशातल्या खाणीची गोष्ट मी दुहेरी ओढीने वाचतो. या कथा वाचताना एक उणीव मात्र सतत जाणवते. त्यांत यान असते, खनिज असते, कंपनी असते, लुटारू आणि बंडखोर असतात. पण पाळीवर उतरणारा माणूस क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी तो ज्या हवेवर जगतो ती कोणाच्या ताब्यात आहे, हे कथा विचारत नाही. फार तर एखाद्या वाक्यात हवेवरच्या कराचा उल्लेख येतो आणि कथानक पुढे पाठलागाकडे वळते. माझ्या मते या साऱ्या कल्पनेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत नाट्यमय प्रश्न नेमका तोच आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लघुग्रहावरची संपत्ती ही कल्पना जुनी आहे. गॅरेट सर्व्हिस यांची जी कादंबरी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकातून क्रमशः छापली गेली, तीत मंगळवासी एका सोन्याच्या लघुग्रहावर खाणकाम करताना दाखवले आहेत. त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटली, तरी सोन्याचा तो मोह सुटलेला दिसत नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने ऑक्टोबर २०२३ मध्ये सायकी या लघुग्रहाकडे यान पाठवले, ते २०२९ मध्ये तिथे पोहोचायचे आहे. सुमारे २२० किलोमीटर रुंदीच्या या लघुग्रहात धातूचे प्रमाण मोठे असावे असे मानले जाते, आणि त्या धातूची किंमत एकावर १९ शून्ये इतके डॉलर असल्याचे आकडे जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. हा आकडा कथालेखकांना भुलवतो. परंतु एवढे लोखंड आणि निकेल खरोखरच बाजारात आले, तर त्याचा भाव आजचा राहणार नाही, हे कोणताही व्यापारी सांगेल. शिवाय ते पृथ्वीवर आणायचा खर्च वेगळाच. बेन्नू या लघुग्रहावरून माती आणणारे यान सप्टेंबर २०१६ मध्ये निघाले आणि त्याची कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. सात वर्षांची मोहीम, शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च, आणि हाती आलेली माती १२१.६ ग्रॅम. विज्ञानाच्या दृष्टीने ती अमूल्यच आहे, तिच्यात अमिनो आम्ले सापडली, प्राचीन खाऱ्या पाण्याने मागे ठेवलेले क्षार सापडले. पण मालवाहतुकीचा हिशेब त्यातून काय निघतो, हे लेखकांनी ध्यानात घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष खोदण्याची. आपल्याकडच्या कथांत कामगार अवकाशपोशाख घालून लघुग्रहावर ड्रिल लावतो आणि काम सुरू होते. आम्ही कोळशाच्या तोंडावर ड्रिल चालवायचो, तेव्हा अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकायचो आणि पाय जमिनीत रोवायचो. बेन्नूसारख्या सुमारे ४९० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर टाकायला भारच नसतो. तिथून कायमचे सुटून जायला सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर इतका वेग पुरतो, म्हणजे सावकाश चालणारा माणूससुद्धा तिथे पाऊल टेकवू शकत नाही. ड्रिल खडकाला जेवढी ढकलेल, तेवढाच खडक माणसाला मागे ढकलेल. युरोपचे फिले नावाचे उपकरण नोव्हेंबर २०१४ मध्ये एका धूमकेतूवर उतरले, तेव्हा त्याला पृष्ठभागाशी जखडणारे भाले सुटलेच नाहीत आणि ते उसळून पुन्हा खाली यायला जवळजवळ दोन तास लागले. बेन्नूवर तर त्याच्या उलट घडले. माती गोळा करणारा हात पृष्ठभागाला टेकला आणि खडकाचा विरोध न होता सुमारे अर्धा मीटर आत शिरला, कारण तो लघुग्रह म्हणजे एकमेकांना जेमतेम धरून असलेल्या दगडधोंड्यांचा ढीग निघाला. अशा ढिगात बोगदा कसा काढायचा, छताला आधार कुठून द्यायचा, उडालेली धूळ कित्येक तास खाली बसत नाही तिचे काय करायचे? या प्रश्नांवर एखाद्या लेखकाने पानभर लिहिले, तर माझ्यासारखा वाचक पाठलागाची चार पाने आनंदाने सोडून देईल.

मग लघुग्रहावर खोदण्यासारखे आहे काय? जाणकार ज्या वस्तूचे नाव सर्वांत आधी घेतात ती वस्तू म्हणजे पाणी. काळपट, कार्बनयुक्त लघुग्रहांच्या चिकणमातीत पाणी बांधलेले असते, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेससारख्या मोठ्या पिंडात तर बर्फच आहे. हे पाणी पृथ्वीवर आणायचे नसून तिथेच वापरायचे. विजेने त्याचे विघटन केले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतो, आणि हीच जोडी रॉकेटचे इंधन आहे. अवकाशातल्या खाणीचा पहिला विक्रीयोग्य माल बहुधा सोने नसेल, पाणी असेल. इथेच गोष्ट माझ्या विषयाशी येऊन भिडते, कारण ज्या पाण्यातून कंपनीचा माल निघणार, त्याच पाण्यातून कामगाराचा श्वासही निघणार आहे.

याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. ९ किलो पाणी फोडले की १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन मिळतो. रॉकेटचे इंजिन एवढा सगळा ऑक्सिजन वापरत नाही. १ किलो हायड्रोजनमागे ते साधारण ६ किलो ऑक्सिजन जाळते. म्हणजे प्रत्येक ९ किलो पाण्यामागे सुमारे २ किलो ऑक्सिजन उरतो. एका माणसाला दिवसाला अंदाजे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तेव्हा या उरलेल्या ऑक्सिजनवर दोन माणसांचा दिवस सहज निघेल. इंधनासाठी टनांनी पाणी फोडणाऱ्या वसाहतीत श्वासाची ददात पडण्याचे कारणच नाही. विज्ञानकथांत नेहमी दिसणारी हवेची टंचाई, हवेचे रेशन, हवेचे हप्ते हे सारे तिथे निसर्गाने लादलेले नसेल. कोणीतरी तसे ठरवले म्हणून ते असेल. टाकीवर मीटर बसवायचा की नाही, मीटरचे बिल पगारातून कापायचे की नाही, आणि बिल थकले तर झडप बंद करण्याचा अधिकार कोणाला असेल, हे सारे करारपत्रात लिहिलेले असेल. त्या करारपत्राच्या भोवती कथा का रचली जात नाही?

खाणीत हवा ही गृहीत धरायची गोष्ट नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. जमिनीवर हवा फुकट आहे, तरीही भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांत ती मोजून दिलेली आहे. माणसे जिथे काम करतात तिथल्या हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये; मोठ्यात मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे. आमचा मायनिंग सरदार, म्हणजे पाळीच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस, पाळी सुरू होण्याआधी सेफ्टी लॅम्प घेऊन आत जायचा, ज्योतीवर स्फोटक वायूची खूण असलेली निळसर टोपी दिसते का ते पाहायचा आणि मगच माणसे आत सोडायचा. त्याने नको म्हटले की कोणी आत जायचे नाही. हे नियम कोणाच्या औदार्यातून आलेले नाहीत. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडातल्या धोरीच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन २६८ माणसे गेली. तिकडच्याच चासनाळ्याच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७५ माणसे बुडाली. खाण सुरक्षेच्या पुस्तकातल्या बऱ्याचशा कलमांमागे अशी एखादी तारीख उभी आहे.

आणि या साऱ्या सुरक्षेचा पाया एकच आहे. धोका दिसला की माणसांना बाहेर काढा. वायू वाढला, छत बोलू लागले, पाणी झिरपू लागले, पंखा थांबला, प्रत्येक वेळी पहिला हुकूम तोच असतो. लघुग्रहावरच्या खाणीला हे ‘बाहेर’ नाही. खाणीच्या तोंडाशी आल्यावर मोकळी हवा भेटत नाही. भेटते ती पुन्हा त्याच कंपनीची दुसरी टाकी. खाणकामाच्या इतिहासात हे प्रथमच घडेल, आणि म्हणून जमिनीवरचे सगळे नियम तिथे मुळापासून नव्याने लिहावे लागतील. सरदार माणसांना काढून नेणार कुठे? काम नाकारणारा कामगार जाऊन बसणार कुठे? संप करणारे कोणाची हवा घेऊन संप करणार? आमच्याकडे मोठ्या खाणींत कामगारांचा स्वतःचा निरीक्षक असतो, त्याला पाहणी करून व्यवस्थापनाला लेखी कळवण्याचा अधिकार असतो. तसा निरीक्षक सेरेसवर असेल का, आणि त्याचा अहवाल पृथ्वीवर कोण वाचेल? सेरेसहून संदेश पृथ्वीवर पोहोचायला दोघांच्या स्थितीनुसार सुमारे १३ मिनिटांपासून अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे संकटात विचारणा करून परवानगी मिळवणे शक्यच नाही. निर्णय तिथल्या माणसालाच घ्यावा लागेल, आणि तो माणूस कंपनीचा नोकर असेल की कायद्याने नेमलेला, यावर इतरांचे प्राण अवलंबून राहतील.

परतीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. पृथ्वी आणि सेरेस यांची प्रवासाला सोयीची स्थिती साधारण १५ महिन्यांनी एकदा जुळते. ज्याचे यान चुकले त्याला पुढच्या यानाची वाट पाहत तेवढे दिवस काढावे लागतील, त्याच्या भाड्याचे आणि हवेचे बिल चढत राहील. त्यातच सेरेसचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम ३ टक्के. वजनरहित अवस्थेत व्यायाम न केल्यास भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्का घटते, हे अंतराळस्थानकांवरच्या अनुभवाने आपल्याला कळले आहे. करारात परतीचे तिकीट लिहिलेले असेल, पण काही वर्षांनी ते तिकीट वापरण्याजोगे शरीर त्या कामगारापाशी उरेल का? तिथेच जन्मलेल्या मुलांचे काय? हा भाग इंग्रजी विज्ञानकथेत काही ठिकाणी चांगला हाताळला गेला आहे, मराठीत तो मला अजून भेटलेला नाही.

मराठी लेखकाला हा अनुभव परका वाटण्याचे कारण नाही. १८३४ पासून पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले; त्यांतले काही मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक होते, रत्नागिरीकडचे होते, घाटावरचे होते, आणि त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथे आहे. पोर्ट लुईच्या ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ते उतरले, तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या मजुराचे घर मळेवाल्याचे, धान्य मळेवाल्याचे आणि मळा सोडून बाहेर पडायला लागणारा परवानाही मळेवाल्याच्या मर्जीचा. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायची तिथे रीत होती. सुरुवातीला परतीचा प्रवास करारात होता, पुढे तो हक्कही काढून घेतला गेला. हवा तेवढी त्या मजुराची स्वतःची होती. मळा सोडून रानात पळालेला माणूस निदान श्वास घेऊ शकत होता. लघुग्रहावरच्या करारी कामगाराची कथा लिहिणाऱ्याने हा इतिहास वाचावा, असे मला कळकळीने वाटते. बंडाचा नायक त्याला आयता सापडणार नाही, पण परवान्यासाठी रांगेत उभी राहिलेली माणसे नक्की सापडतील.

कोणी म्हणेल, ही फार पुढची गोष्ट आहे, आणि तोवर सगळे काम यंत्रमानवच करतील. यातला पहिला भाग खरा आहे. लघुग्रहांवर खाणकाम करण्यासाठी २०१२ मध्ये मोठा गाजावाजा होऊन पुढे आलेली प्लॅनेटरी रिसोर्सेस ही कंपनी २०१८ मध्ये दुसऱ्याच क्षेत्रातल्या कंपनीने विकत घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅस्ट्रोफोर्ज या कंपनीने लघुग्रहाकडे सोडलेल्या छोट्या यानाशी संपर्क तुटला. खाण अजून दूर आहे. यंत्रमानवांविषयीही मी वाद घालणार नाही. माणूस न पाठवता काम होणार असेल तर सर्वांत उत्तम. पण मग ती वसाहतीची कथा राहत नाही. माणसे तिथे राहतात असे कथेने एकदा मानले, की त्या माणसांच्या जगण्याचे नियमही कथेने मानले पाहिजेत.

खाण दूर असली तरी नियम मात्र आजच लिहिले जात आहेत. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर मालकी सांगता येत नाही. तरीही तिथून काढलेला माल आपल्या नागरिकाच्या मालकीचा होईल, असा कायदा अमेरिकेने २०१५ मध्ये केला आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये त्याच दिशेने कायदा केला. भारताने जून २०२३ मध्ये चंद्र आणि त्यापलीकडच्या मोहिमांसाठीच्या, अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही अवकाशातली संसाधने काढण्याला मान्यता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीत या विषयावर कार्यगट बसला आहे. या साऱ्या चर्चेत खनिजाची मालकी आहे, गुंतवणुकीची हमी आहे. ते खनिज काढणारा कामगार कुठे आहे? १९६७ च्या करारानुसार यान ज्या देशात नोंदवलेले असेल, त्या देशाचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर चालतो. ही व्यवस्था कोकणातल्या घरांना चांगली ठाऊक आहे. जहाजाचा मालक एका देशातला, नोंदणी पनामा किंवा लायबेरियाची आणि खलाशी रत्नागिरीचा, अशी जहाजे मालकाने दिवाळे काढल्यावर बंदराबाहेर नांगरून पडतात आणि खलाशी पगार नाही, पाणी नाही, परतीचे तिकीट नाही अशा अवस्थेत महिने काढतात. त्यावर उपाय म्हणून सागरी कामगार कराराच्या दुरुस्तीने २०१७ पासून प्रत्येक जहाजमालकावर खलाशांच्या परतीच्या आणि थकलेल्या पगाराच्या खर्चाची आर्थिक हमी आधीच देण्याचे बंधन आले. अवकाशातल्या खाणीसाठी अशी हमी कोण मागणार, आणि तिच्यात परतीच्या तिकिटाबरोबर तोवरची हवाही धरलेली असेल का, हे आजच विचारले पाहिजे. धोरण ठरवणाऱ्यांच्या आधी कथालेखक हे विचारू शकतो, कारण त्याला मतदार किंवा भागधारक सांभाळायचे नसतात.

आपल्याला माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळी अंकासाठी आपण विज्ञानकथा मागवाल, तेव्हा लघुग्रहावरच्या खाणीतली एक पाळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, असा विषय लेखकांसमोर ठेवावा. हवेचे माप घेऊन ‘आज काम बंद’ म्हणणारा एक सरदार त्या कथेत असावा, आणि त्याच्या त्या एका वाक्याचे पुढे काय होते ते लेखकाने प्रामाणिकपणे लिहावे. लेखकांना खाणीतला पंखा, लॅम्परूममधली हजेरी, छताचे आवाज, पाळी बदलतानाची शिस्त यांविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत ते तासन्‌तास सांगू शकतील अशी अनेक निवृत्त माणसे आहेत. त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. आपल्या दैनिकाने तशी एखादी भेट घडवून आणल्यास मी आनंदाने हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त खाण कर्मचारी,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर